घाटात अडकलेला हार

"अहो, बंद करा ते! डोळे फुटले माझे!" नवसाबाई स्वयंपाकघराच्या दारात परात तोंडासमोर धरून ओरडल्या.

सावळीरामांनी लगबगीनं इंजिन उचललं, त्याच्या पोटाखालचं बटण दाबलं आणि घरात पुन्हा ट्यूबलाइटचा साधा उजेड पडला. इंजिन हातभर लांबीचं. अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, मोटार जुन्या टेपरेकॉर्डरची. सावळीरामांची सगळी नोकरी मनमाड ते इगतपुरी गाड्या ओढण्यात गेली होती. निवृत्त होऊन नाशिकरोडला राहायला आल्यावरही हात स्वस्थ बसत नव्हते. यंदा कॉलनीच्या गणपतीला कसारा घाटाचा देखावा करायचं ठरलं, आणि घाटातून पळणारी गाडी करायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं.

गाडी झक्क झाली होती. घोटाळा झाला तो दिव्याचा. मेन रोडच्या दुकानदारानं "काका, नवीन माल आलाय, पांढरा एलईडी" म्हणत हरभऱ्याएवढा दिवा गळ्यात मारला होता. त्यामागं सावळीरामांनी जुन्या बॅटरीची चकचकीत वाटी बसवली. वर दिव्याला वेगळे सेल दिले, कारण गाडी उभी राहिली म्हणून इंजिनाचा दिवा विझणं त्यांच्या ड्रायव्हरी मनाला पटणारं नव्हतं. त्याचा परिणाम नवसाबाई परातीआडून भोगत होत्या.

"हे इंजिन हाये का देवळाली कॅम्पातला लष्कराचा सर्चलाइट?" दारात आलेल्या लताबाईंनी विचारलं. लताबाई शेजारच्या, आणि महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. "सावळीरामभाऊ, उद्या सहादूबुवांचं कीर्तन आहे. त्यांच्या डोळ्यांवर हा लोळ पडला ना, तर झालंच आपलं."

"पडत नाही. आज रात्रीच्या आत बंदोबस्त करतो."

सावळीराम बोलले ठामपणे, पण इंजिन पाठीमागं लपवून. कारण सहादूबुवा म्हणजे नुसते कीर्तनकार नव्हते. त्यांच्या मुलासाठी, जीवनसाठी, सावळीरामांच्या लेकीचं, सुवर्णाचं बोलणं चाललं होतं. मुलगा पेठला शिक्षक, सालस. मुलामुलीची पसंती झालेली, पत्रिका जुळलेली. अडलं होतं ते बुवांच्या होकारावर. त्यांनी निरोप धाडला होता, "कीर्तनाला येतोच हाये. माणसं बघू, मग बोलू." आणि बुवांचा स्वभाव साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. कीर्तन चालू असताना कुणी मध्येच उठलं तर ते टाळ थांबवायला लावत आणि माणूस पुन्हा बसेपर्यंत तोंडातून अक्षर काढत नसत.

बंदोबस्ताला सुरुवात झाली. आधी मखराचा उरलेला पिवळा जिलेटीन कागद लावून पाहिला.

"काविळीचा पेशंट दिसतोय," सुवर्णा म्हणाली.

"मग तूच सांग काहीतरी."

तिनं नेलपॉलिशची बाटली आणून दिव्यावर एक हात फिरवला. दिवा सौम्य झाला खरा, पण लालभडक. सावळीराम तीन ताड उडाले.

"लाल? अगं, लाल दिवा गाडीच्या शेपटाला असतो! इंजिनाच्या तोंडाला लाल दिवा लावून मी कॉलनीत कसा फिरू? मनमाडचे चार जुने ड्रायव्हर येणार आहेत उद्या!"

"आप्पा, खेळण्यातली गाडी आहे."

"गाडी ती गाडी!"

रॉकेलच्या बोळ्यानं लाल रंग घासून काढला. त्या घासण्यात मागची वाटीही अशी लख्ख उजळली, की आता दिवा लावला तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

शेवटी त्यांना आपली नोकरी आठवली. समोरून गाडी आली, की समोरच्या ड्रायव्हरला त्रास नको म्हणून दिवा मंद करायचा, हा शिरस्ता त्यांनी जन्मभर पाळला होता. मंद होत नसेल तर मान खाली घालायला काय हरकत आहे? त्यांनी पक्कडीनं दिव्याचं तोंड रुळांकडे वाकवलं. फरशीवर रूळ मांडून गाडी फिरवली. उजेड रुळांवर सांडत गेला, कुणाच्या डोळ्यांत गेला नाही. नवसाबाईंनी परात खाली ठेवली.

"आता कसं देवमाणसासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि सावळीराम निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव गच्च भरला. डावीकडे गणपतीबाप्पा, त्यांच्या पायाशी गोणपाटाचे डोंगर, डोंगरात बोगदा. बोगद्यातून निघून रूळ चढ चढत थेट कीर्तनाच्या चौरंगापर्यंत गेलेले. ही कल्पना सावळीरामांचीच. अभंग म्हणून झाला, की बुवांच्या गळ्यात घालायचा हार गाडीनं आणायचा. मंडळाच्या तरण्या पोरांनी या कल्पनेला टाळ्या वाजवल्या होत्या, लताबाईंनी मान हलवली होती.

बुवा उभे राहिले. पांढरं धोतर, फेटा, कपाळी बुक्का. मागं टाळकरी, शेजारी मृदंग. गजर झाला, अभंग झाला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सावळीरामांनी हळूच रुळांना जोडलेली कळ फिरवली. गाडी शिट्टी देऊन निघाली. इंजिनामागच्या उघड्या डब्यात झेंडूचा हार. आयाबाया माना उंचावून पाहू लागल्या. बोगद्यातून गाडी बाहेर पडली, चढाला लागली आणि थांबली.

हार डब्याच्या मानानं लांब होता. त्याचं एक टोक पुढं लोंबकळत इंजिनाच्या चाकाखाली गेलं आणि झेंडू असा गच्च रुतला, की मोटार नुसती घुंई-घुंई करू लागली. सावळीरामांनी घाबरून कळ बंद केली. मोटार थांबली. दिवा थांबला नाही. त्याचे सेल वेगळे.

आणि आता बघा, ड्रायव्हरीत हयात गेलेल्या माणसाच्या हातून काय राहून गेलं होतं! दिव्याची मान खाली वाकवली ती घरच्या सपाट फरशीवर. इथं इंजिन घाट चढत होतं. त्याचं नाक वर झालं होतं आणि नाकाबरोबर दिवाही. तो पांढरा लोळ सरळ सहादूबुवांच्या दोन डोळ्यांत.

बुवांनी डोळे बारीक केले, हसून म्हणाले, "गाडी हाये, लेट व्हायचीच. हार येईल सावकाश. आपण पुढं चलू." आणि त्यांनी निरूपण सुरू केलं.

संपलं. एकदा निरूपण सुरू झालं, की उठायचं नाही.

"बंद करा ना ते!" नवसाबाई मागून कुजबुजल्या.

"बटण पोटाखाली आहे."

"कुणाच्या?"

"इंजिनाच्या!"

बुवा डावीकडे सरकले, पण माईक दांडीला बांधलेला. आवाज गेला, परत जागेवर आले. उजवीकडे झुकले, तर मृदंगावर आपटता आपटता वाचले. अखेर त्यांनी डोळेच मिटले आणि दृष्टांत धरला. सासरी निघालेल्या लेकीचा. गाडी गावाच्या वेशीपर्यंत आली तरी लेक मागं वळून माहेराकडे बघते आहे. आपला जीवही तसाच संसारात आलेला, पण त्याचं खरं माहेर देवापाशी.

मध्ये त्यांनी सवयीनं डोळे उघडले. लोळ आत शिरला. डोळे घळाघळा वाहू लागले. बुवा बोलता बोलता थांबले, उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा उघडले, पुन्हा धारा.

"बुवांना गहिवरून आलं गं," कुणीतरी म्हणालं. लताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्यामागं सगळी महिला मंडळी हुंदके देऊ लागली. मनमाडचे चार जण चष्मे काढून पुसू लागले. ह्या साऱ्या भक्तिभावात एकट्या सावळीरामांच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता. गहिवर कुठून येतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सोयरीक मोडली, ते मनाशी म्हणाले. पोरीचं जमलेलं मी पक्कडीनं मोडलं.

"जय जय रामकृष्ण हरी!" बुवांनी गजर धरला आणि सारा मांडव टाळ्या वाजवत उभा राहिला. हीच ती वेळ. सावळीराम देवाचं नाव घेत रांगत निघाले, गोणपाटाच्या डोंगराआडून हात घातला आणि इंजिन उचललं. उजेड एकदा सगळ्या मांडवावरून फिरला, टाळकऱ्यांच्या तोंडावरून, बाप्पांच्या मुकुटावरून. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. तेवढ्यात बटण सापडलं आणि दिवा विझला.

सावळीराम डोंगराआड तसेच बसून राहिले. कीर्तन रंगत गेलं. बुवा अजूनही रडत होते, पण सावळीरामांची मान वर करून बघायची छाती होत नव्हती.

आरती झाली, प्रसाद झाला. बुवा सावळीरामांच्या घरी आले. सुवर्णानं पाण्याचा तांब्या दिला. बुवांनी आधी डोळ्यांवर पाणी मारलं. नवसाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"बुवा, चूक झाली," सावळीराम हात जोडून म्हणाले. इंजिन त्यांच्या काखेतच होतं. "तुम्हाला लय त्रास झाला. दिव्याची मान मी वाकवली होती, पण घाट ध्यानात नाय राहिला."

"बसा हो तुम्ही." बुवांनी त्यांना ओढून शेजारी बसवलं. "एक गोष्ट सांगू? ह्यो दृष्टांत मी वीस-पंचवीस वर्षं सांगतोय. लोक रडतात, मी नाय. मला आपली पुढच्या ओवीची काळजी. माझे गुरू म्हणायचे, सहादू, तुझं बोलणं गोड हाये पण कोरडं हाये. आज तुमच्या दिव्यानं पाणी काढलं. पहिल्यांदा चीड आली, खोटं कशाला बोलू? मग समोर बघतो तर सगळा मांडव रडतोय, आणि तुम्ही, पोरीचे बाप, डोंगराआड ते इंजिन लेकरासारखं छातीशी धरून बसलेले. दिवा तर केव्हाच विझला होता, सावळीरामभाऊ. तरी माझं पाणी थांबंना. नंतरचं पाणी माझं होतं."

बुवांनी उपरण्यानं पुन्हा डोळे टिपले.

"मला लेक नाय. तुमची द्या. माणूस बघायचा होता, तो बघितला. ज्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची एवढी काळजी, त्याच्या घरची पोर आमच्याकडं सुखात ऱ्हाईल आणि आम्हालाबी सुखात ठेवील. फकस्त लग्नात हार माणसाच्या हातानं आणा."

लताबाई दारातूनच "पेढे!" म्हणून ओरडत जिना उतरल्या. सुवर्णा आत पळाली. नवसाबाईंनी बुवांना वाकून नमस्कार केला, उठल्या आणि नवऱ्याकडे बघून कमरेवर हात ठेवला.

"अन् तुमच्या डोळ्यांवर आता कुठला दिवा पडलाय?"

सावळीरामांनी खिशातून रुमाल काढला. त्यानं आधी इंजिनाच्या चाकातला झेंडू पुसला, आणि मग डोळे.