भिंत सरकवणारे बोकील

बोकील पूर्ण खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. सहा फुटांचा धिप्पाड माणूस, पण काठावर टेकायचा. उरलेली अर्धी खुर्ची कोणासाठी, विचारलं की म्हणायचे, "कोणी आलं तर? जरा सरकलं की जागा बनून जाते, सुनंदाबाई." सवाऱ्यांच्या टेंपोत तर ते इतके सरकायचे की नई सडकेच्या वळणावर एकदा बाहेरच पडले. उठून ड्रायव्हरचीच माफी मागितली.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, गोरखीजवळच्या सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. मी आवक-जावक बघायचे, ते सगळ्यांच्या नोकरीच्या नोंदी सांभाळायचे. मग आमचं खातं दुसऱ्या खात्यात विलीन झालं. विलीन हा शब्द कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात त्यांची माणसं आली, आमच्या खुर्च्या गेल्या आणि फर्मान निघालं: महिनाअखेरपर्यंत ज्याची नोंद संगणकाच्या नव्या प्रणालीत चढेल तो इथला. ज्याची चढणार नाही तो अतिरिक्त, त्याला राज्यात कुठेही धाडणार.

चाळीस माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. बोकीलांचं तर पळायलाच हवं होतं. हरिशंकरपुरमच्या घरी त्यांची बायको अंगावरून वारं गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली. मूलबाळ नाही. रोज दुपारी सायकल हाणत जाऊन ते तिला दोन घास भरवून यायचे.

नवे संगणक साहेबलोकांच्या टेबलांवर गेले. आमच्या वाट्याला बोकीलांचा जुनाच राहिला. जुन्या नोंदी त्याच्या विंडोजमध्ये, आणि त्या दुसरीकडे कुठे उघडायच्या नाहीत. नवी प्रणाली मात्र फक्त लिनक्स नावाच्या दुसऱ्याच यंत्रणेवर चालायची. नवे साहेब म्हणाले, "बोकीलजी, पुराना उड़ा दीजिए, झंझट ख़तम."

"उड़ाना क्यों, सर? थोड़ा सरका देता हूँ."

म्हणजे एकाच हार्ड डिस्कवर दोन बिऱ्हाडं. जुन्याला आकसून घ्यायचं, मधली भिंत सरकवायची आणि मोकळ्या जागेत नव्याला बसवायचं. मध्येच वीज गेली तर दोन्ही बिऱ्हाडं उघड्यावर. बोकीलांनी आधी सगळ्याच्या तीन-तीन सीड्या भरून ठेवल्या. मग कचेरीतला चहाचा हीटर, पंखे, झालंच तर साहेबांचा कूलरही बंद केला, भर मे महिन्यात. साहेब घामाघूम होऊन तणतणत आले, तर ओठांवर बोट ठेवून हा गृहस्थ कुजबुजला, "हळू, सर! खिसक रहा है." चार तास ते पडद्यावरच्या रेघेकडे बघत होते आणि आम्ही वर्तमानपत्रांनी वारा घेत त्यांच्याकडे.

भिंत सरकली. पण दोन्ही बिऱ्हाडं एका वेळी उघडत नसत. जुन्यात जाऊन माणसाची सगळी नोकरी कागदावर उतरवायची, संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, नव्यात शिरून ती टाइप करायची. चाळीसही जणांचं आधी लिहून घ्या, असं मी शंभरदा सांगितलं. "नको. एकाची रजा दुसऱ्याच्या अंगावर पडेल. एका वेळी एकच माणूस." नवीन नोंद झाली की जुनी पुसायचे, कारण एक माणूस दोन जागी नको. दिवसाला दोन माणसं, फार तर तीन. मला राग यायचा. माझे रजेचे कागद सापडत नव्हते, म्हणून मी मागे पडले होते.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघंच उरलो, मी आणि ते. दुपारी वीज गेली ती साडेचारला आली. कचेरी साडेपाचला बंद. त्यांनी माझी नोंद उघडली.

"आणि तुमची?" मी विचारलं.

"होऊन जाईल. तुम्ही चला, टेंपो निघून जाईल."

घड्याळ मलाही कळत होतं. तरी मी गेले.

अतिरिक्तांच्या यादीत एकच नाव आलं. मी त्यांच्यावर ओरडले, "हजेरीच्या रजिस्टरात तिसरा नंबर होता तुमचा! तेव्हाच का नाही करून टाकलं?" तर त्यांना माझंच नवल वाटलं. म्हणाले, "वाढणारा पहिल्या पंगतीला बसतो का, सुनंदाबाई?"

त्यांना राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. भाड्याच्या जीपमध्ये गादी अंथरून ते बायकोला घेऊन गेले. निरोप द्यायला मी गेले नाही. तोंड नव्हतं.

महिन्याभराने साहेबांनी मला जुना भाग पुसून टाकायला सांगितलं. पुसण्याआधी मी तो उघडला. आत एकच नोंद उरली होती. बोकील. मी ती त्यांच्याच पद्धतीने कागदावर उतरवली, संगणक बंद केला, चालू केला आणि नव्यात टाइप केली. शेवटी पडद्यावर आलं: समय सीमा समाप्त.

मी त्यांना फोन लावला. "बोकील, तुमची नोंद घेतच नाही हो हे."

ते म्हणाले, "तुमची एकदा उघडून बघा बरं. त्या दिवशी घाईत होतो, जन्मतारीख चुकली तर नाही ना?"

मी उघडली. बत्तीस वर्षांची नोकरी, एकेक रजा, एकेक तारीख. कुठेही चूक नव्हती.