केळसकरांचं उष्णताशास्त्र

माणसाकडे बघून त्याची किंमत वॉटमध्ये करणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. ओमानमधल्या जबल अख्दरच्या डोंगरावर आमच्या कंपनीच्या साइटवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा कॅम्प बॉस वामन केळसकरांनी ना नमस्कार केला, ना प्रवासाची चौकशी. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. नजर पोटापाशी जरा रेंगाळली. मग ते समाधानाने म्हणाले, "एकशेवीस. या साहेब, या. तुम्ही उत्तरेच्या भिंतीला बसा."

हा माझा सन्मान होता हे मला नंतर कळलं. नुसता बसलेला माणूस शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो, असं केळसकरांनी कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही-आम्ही असलं काही वाचतो, 'अरे वा' म्हणतो आणि पुढच्या पानावर जातो. केळसकरांनी त्यावर बिऱ्हाड थाटलं.

आता ओमानमध्ये कसली आली थंडी, असं तुम्ही म्हणाल. माझी पुण्यातली मेहुणीही तेच म्हणते. तिच्या कल्पनेप्रमाणे आम्ही इथे जानेवारीतही वाळूवर पापड भाजतो. तिला एकदा जबल अख्दरवर नेऊन सोडायचं आहे. खाली मस्कतमध्ये माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असतात आणि वर बादलीतल्या पाण्यावर सकाळी साय धरावी तसा बर्फ धरतो. रस्त्याकडेची संरक्षक भिंत बांधायचं काम आमच्या कंपनीकडे होतं, आणि कामगारांना राहायला अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, आपल्या मामांचं जुनं घर दिलं होतं. घर कसलं, दगडी गुहाच. हातभर जाड भिंती, उंच छत, न मोजलेल्या खोल्या. दगड दिवसभर थंडी पितो आणि संध्याकाळपासून ती उदार मनाने परत करतो. प्रत्येक खोलीत एक ऑइल हीटर धापा टाकत असे आणि फक्त स्वतःपुरता गरम होत असे.

तेलाचे भाव पडले तो हिवाळा. गल्फमध्ये तेल पडलं की सगळ्यात आधी ऑफिसातला फुकटचा चहा पडतो, त्यानंतर नजर विजेच्या बिलांकडे वळते. मस्कतच्या गाला भागातल्या हेड ऑफिसात बसून इतरांचे खर्च कापणं हे माझं काम. ते मी आनंदाने करतो, कारण ते खर्च माझे नसतात. अर्बाब म्हणाला, "ऊपर जाओ, देखो, मेरे मामा का घर इतना बिजली क्यों खाता है." मी गेलो आणि पाहतो तो घराने वीज खाणं केव्हाच सोडलं होतं. केळसकरांनी सगळ्या खोल्यांना कुलपं ठोकून अख्ख्या कॅम्पला मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या दालनात, कोंबलं होतं. हीटर फक्त एक. बाकीची ऊब माणसांनी पुरवायची.

व्यवस्था पाहण्यासारखी होती. खिडक्यांच्या फटीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. गालिचे भिंतींवर टांगलेले आणि माणसं जमिनीवर. सगळ्यात थंड भिंत उत्तरेची, म्हणून तिथे जाडी माणसं. अंगाने काडी असलेला आमचा सर्व्हेअर 'झिरोचा बल्ब' म्हणून थेट हीटरजवळ. दार उघडलं की उष्णता पळते, म्हणून बाथरूमला एकेकट्याने जायला बंदी. केळसकर दाराशी उभे राहून पुकारा करत, "यल्ला, चला, बाथरूमवाले. आहे का अजून कोण? मग नंतर कुरकुर नको." चार मोठे बाप्ये रांगेने जात आणि रांगेने परत येत. भात मजलिसमध्येच शिजायचा, कारण वाफ फुकट घालवणं केळसकरांच्या लेखी पाप.

बलजीत नावाचा आमचा क्रेन ऑपरेटर हे त्यांचं सर्वात मौल्यवान यंत्र. तो ऐन जानेवारीत बहिणीच्या लग्नाला पंजाबला निघाला, तेव्हा केळसकर दोन दिवस सुतकात होते. "दीडशे वॉट गेले हो साहेब," ते मला फोनवर म्हणाले. "बहिणीला मार्चमध्ये लग्न करायला काय झालं होतं?"

मग ही तूट भरून काढण्यासाठी ते रस्त्यावर उभे राहू लागले. ट्रकवाला दिसला, चला आत, चहा घ्या. दोन बंगाली गवंडी दिसले, चला आत, जेवून जा. शेजारचा डाळिंबाच्या बागेचा म्हातारा ओमानी मालक रोज संध्याकाळी काठी टेकत येऊन बसायचा. केळसकरांना अरबीचे चार शब्द यायचे आणि म्हाताऱ्याला मराठी शून्य, पण दोघांचं तासन् तास चाले. "म्हातारा चाळीसच वॉटचा," केळसकर मला पुढच्या खेपेला कानात म्हणाले, "पण रोजचा आहे. भरवशाचे चाळीस बरे."

या सगळ्याचा खरा जाच उस्मानभाईंना. हे आमचे स्वयंपाकी, हर्णैचे. केळसकर केळशीचे, म्हणजे गावं शेजारशेजारची. त्यामुळे भांडायला दोघांना वेगळ्या विषयाची गरज नसे.

"वामनशेट, हे घर नाय ऱ्हायलं," उस्मानभाई पातेलं ढवळत म्हणायचे. "कोंबड्यांचं खुराडं झालंय."

"खुराड्यात कोंबडी कधी थंडीने मेल्याचं ऐकलंयस?"

"कापून मेल्याचं ऐकलंय. माझ्या हातनं."

मी परत येऊन अर्बाबला सांगितलं की विजेचं बिल निम्म्याहून खाली आलं आहे. अर्बाब हसला. "केळस्कर मजनून है," म्हणजे वेडा आहे, "लेकिन अच्छा मजनून है." एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हवं होतं. पण माझी खोड वाईट. मी रेशनचा खर्च काढून पाहिला. विजेवर जे वाचलं होतं ते तांदूळ, चणे, साखर आणि चहापत्तीच्या वाटेने केव्हाच डोंगरावर चढलं होतं, आणि जाताना वर थोडं आणखी घेऊन गेलं होतं. वाटेवरचा प्रत्येक हीटर जेवत होता.

अर्बाबच्या पुतण्याने लगेच तोडगा काढला. तो नुकताच परदेशातून शिकून आला होता, त्यामुळे त्याच्याकडे तोडगे भरपूर होते. प्रत्येक माणसाला एक छोटी पोर्टा केबिन द्यायची. पत्र्याच्या आत फोम, एवढीशी जागा, बटण दाबलं की खोली गरम. घर बंद. खलास. हिशेबाने बरोबर होतं, मीच तपासलं. वर जाऊन जागा बघायची आणि त्याच दिवशी अर्बाबला फोनवर हो की नाही सांगायचं, एवढं माझ्यावर सोपवलं.

मी न कळवता गेलो. एप्रिल होता. डोंगरावर गुलाब फुलले होते, हवा अशी की स्वेटर आठवूही नये. घराच्या सगळ्या खोल्या सताड उघड्या. हीटर कोपऱ्यात चादरीखाली. आणि गाद्या सगळ्या अजून मजलिसमध्येच, एकाला एक लागून. दाराशी चपलांचा ढीग. आत पत्ते चालले होते, डाळिंबवाला म्हातारा बलजीतचे पत्ते चोरून बघत होता.

"केळसकर," मी म्हणालो, "आता कसली थंडी?"

ते गडबडले. त्यांनी कोपऱ्यातल्या हीटरवरची चादर सारखी केली. "भिंती," ते शेवटी म्हणाले. "भिंती आत्तापासून तापवून ठेवल्या तर डिसेंबरात सोपं जातं."

उस्मानभाई आतून म्हणाले, "साहेबांना निदान खपेल असं तरी सांगा, वामनशेट."

मी केळसकरांना अंगणात घेऊन गेलो आणि केबिनचं सांगितलं. मला वाटलं आता वॉट निघतील, फटी निघतील, उष्णता निघेल. तसं काही झालं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "एका केबिनमध्ये एकच माणूस?"

"एकच."

"चांगली असते केबिन," ते म्हणाले. "मी राहिलोय. आधीच्या कंपनीत होतो तेव्हा, हैमाच्या पुढे, वाळवंटात. काम बंद पडलं होतं, मशिनरी तिथेच होती. राखणीला मला ठेवला. एसी होता, टीव्ही होता, काही कमी नव्हतं."

"मग?"

"आठवड्याने पाण्याचा टँकर यायचा. ड्रायव्हर पठाण. त्याला पश्तोशिवाय काही येत नव्हतं, मला पश्तो येत नव्हती. टाकी भरली की निघायचा. मी त्याच्या नळीचं झाकण लपवून ठेवायचो. मग तो शोधत बसायचा. मला शिव्या देत असावा. पश्तोत होत्या, कळायच्या नाहीत. पण कोणीतरी बोलतंय, एवढं व्हायचं."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मीही गुलाबांकडे बघत होतो. मग ते 'चहा बघतो' म्हणून आत गेले.

मी अर्बाबला फोन लावला. म्हणालो की केबिन वर चढवायला मोठा ट्रेलर लागेल, वळणं अवघड आहेत, पोलिसांची परवानगी काढावी लागेल, शिवाय मामांचं घर बंद राहिलं तर छत बसेल. यातलं बरंचसं खरं होतं. अर्बाबने रेशनचं विचारलं. मी म्हणालो, "अर्बाब, वो मैं देख लूंगा." कसं, ते मला अजून सापडलेलं नाही. अर्बाब म्हणाला, "ठीक है. केळस्कर को बोलो, घर उसका."

मी आत जाऊन निरोप दिला. केळसकरांनी मान हलवली, बलजीतला म्हणाले, "पत्ते पिस," आणि उठून बाहेर गेले. सूर्य कलायला लागला होता, घाटाचा उतार उजेडात उतरायचा म्हणून मीही सगळ्यांचा निरोप घेऊन दाराशी आलो. तिथल्या ढिगात माझी एकच चप्पल होती. डाव्या पायाची. उजवी नव्हती.

केळसकर शोधायला लागलेच होते. पाण्याच्या टाकीखाली वाकून, हाताने वाळकी पानं बाजूला सारत, फार मन लावून शोधत होते. तिथे चप्पल जायला तिला स्वतःचे पाय लागले असते.

"सापडेल साहेब," ते मान वर न करता म्हणाले. "इथेच कुठेतरी असेल."

"सावकाश शोधा," मी म्हणालो, आणि आत जाऊन उस्मानभाईंना माझाही भात टाकायला सांगितलं.