अश्रुबा मिस्त्री आणि लेकीची पिवळी गाडी

अश्रुबा मिस्त्रीच्या दारात गाडी उभी करून तुम्ही लगेच इंजिन बंद केलंत, तर तो तुम्हाला घरात घेत नाही. मग तुम्ही पाहुणे असा, सरपंच असा, नाहीतर माझ्यासारखे शेजारचे शाळामास्तर असा. "दम खाऊ द्या की तिला! पळत आलीया ती," असं म्हणून तो दारात आडवा हात लावतो. इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, मग बंद करायचं, मग चपला काढायच्या. त्याच्या थोरल्या मेहुण्याने एकदा हे ऐकलं नाही. पाहुणा अर्धा तास ओट्यावर बसून होता आणि अश्रुबा आत पोहे खात होता.

याला कारण आहे. अश्रुबाचे वडील मेंढरं राखायचे. पळत आलेल्या जनावराला लगेच पाणी दाखवायचं नाही, हे तो लहानपणीच शिकला. पुढे मेंढरं गेली, नांदूरघाटच्या स्टँडजवळ पत्र्याचं गॅरेज आलं, पण पद्धत तीच राहिली. ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, आधी तिच्याभोवती एक चक्कर, मग इंजिनावर हात, मग मालकाकडे रागाने पाहणं. "कावून एवढी दमवलीस बे?" माझा रक्तदाब किती हे त्याने कधी विचारलेलं नाही, पण माझ्या स्कूटरचं तेल कधी बदललं ते त्याला तोंडपाठ आहे.

अशा माणसाची एकुलती एक लेक शीतल. पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. एका शनिवारी ती चक्क पिवळ्याधमक स्पोर्ट्स कारमधून गावात आली. गाडी इतकी बुटकी, की स्टँडसमोरच्या गतिरोधकावरच तिचं पोट टेकलं. चौघांनी फळ्या घालून ती पुढे काढली. आत माणसं बसणार दोन आणि सामानाला जागा एका पिशवीची. जमलेल्यांपैकी एकाने खाली वाकून विचारलं, "ह्याच्यात कापसाचं एक तरी बोचकं बसतं का वो?"

शीतलला वेगाचा शौक. पण रस्त्यावर नाही. पुण्यापलीकडे एक ट्रॅक आहे. तिथे महिन्यातला एखादा रविवार हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जातात आणि दिवसभर गोल गोल पळवतात. शर्यत नाही, बक्षीस नाही.

"मग पळवता कावून?" अश्रुबाने विचारलं.

"मजा येते, आबा."

यावर त्याने गाडीभोवती आणखी एक चक्कर मारली.

मजेत खोट एकच होती. इंजिन टिकत नव्हतं. एकदा आतली बेअरिंगं गेली, म्हणून सगळं इंजिन पुन्हा बांधून घेतलं. दुसऱ्या खेपेला ट्रॅकवरच्या लांबलचक वळणावर तेलाचा लाल दिवा लागला आणि शीतलने गाडी तिथल्या तिथे बाजूला घेतली. "आता परत असं झालं तर विकून टाकणार, आबा," ती म्हणाली. "भर वेगात इंजिन जाम झालं तर मागचा येऊन आदळायचा."

अश्रुबाचा चेहरा उतरला. बायको गेल्यापासून तो घरात एकटा. शीतल यायची ती दिवाळीला, दोन दिवस. गाडी आजारी पडल्यापासून मात्र ती पंधरा दिवसांनी येऊ लागली होती. बापलेक दोघं गाडीखाली आडवे पडून तासन्‌तास बोलत. बाहेरून फक्त चार पाय दिसत.

पहिला इलाज त्याने आपल्या बीडच्या माणसासारखा केला. तेल कमी पडतंय ना? मग जास्त भरा! टँकर आला की हंडा, कळशी, बादली, वरणाचं पातेलंसुद्धा काठोकाठ भरून ठेवणारी माणसं आम्ही. खुणेच्या वरपर्यंत तेल भरून त्याने गाडी पाठवली. रविवारी दुपारी शीतलचा फोन आला. "आबा, एवढा धूर झाला की मी डास मारायला आलेय असं वाटलं लोकांना. झेंडा दाखवून बाहेर काढलं मला!"

अश्रुबाने दोन दिवस गॅरेजच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे धावतच आला. "गुरुजी, अर्धा भरलेला टँकर वळणावर कलंडत का न्हाई?"

मी म्हटलं, "का नाही?"

"आत पडदे असत्यात! पाणी एकदम एका अंगाला जात न्हाई." मग त्याने माझ्याच फळ्यावर चित्र काढून मला शिकवलं. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. लांब वळणावर सगळं तेल एका बाजूला पळतं, पंपाचं तोंड कोरडं पडतं आणि तेलाऐवजी हवा ओढतं. "तेल कमी नव्हतंच. ते पळून जात हुतं, मेंढरावानी."

शीतल गाडी घेऊन आली तेव्हा त्याने चेंबर खोलून त्यात पत्र्याचे पडदे बसवले आणि पंपाभोवती छोटी फाटकं. तेलाने आत ढकललं की उघडणारी, बाहेर ढकललं की मिटणारी. आता परीक्षा कुठे घ्यायची? तर माझ्या शाळेतल्या गोल फिरत्या पाळण्यावर. एका रविवारी सकाळी त्याने पाळण्यावर चेंबर आवळून बांधला, आत तेल ओतलं आणि स्वतः शेजारी आत उजेड पाडायला बॅटरी धरून बसला. पाळणा ढकलायला मी. "जोरात, गुरुजी! अजून जोरात!" माझं वय अठ्ठावन्न. पांढऱ्या शर्टावर काळ्या तेलाची रांगोळी उमटली, पण अश्रुबा गरगर फिरता फिरता ओरडत होता, "ऱ्हायलं! तेल जाग्यावर ऱ्हायलं!" इतका आनंद मला निकालाच्या दिवशीसुद्धा कधी झाला नव्हता.

पुढच्या ट्रॅकच्या रविवारी आम्ही दोघं एसटीने गेलो. सकाळी मला शेजारी बसवून त्याने बाहेरच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या, इंजिन गरम केलं आणि गाडी लेकीच्या हवाली केली. शीतलने हेल्मेट घातलं. गाडी निघाली आणि हा बाबा ट्रॅककडे पाठ करून एका रिकाम्या डब्यावर बसला.

"अहो, बघा की!"

"बघवत न्हाई, गुरुजी. ऐकतो म्या."

डोळे मिटून तो प्रत्येक फेरी ऐकत होता. लांब वळण आलं की मूठ आवळायची, आवाज सरळ झाला की सुटायची. वीस मिनिटं असं चाललं. मग पिवळी गाडी शांतपणे आत आली आणि शीतल हेल्मेटसकट बापाच्या गळ्यात पडली. लाल दिवा एकदाही लागला नव्हता! दिवसभरात ती आणखी चारदा पळवून आली. तोवर अश्रुबाभोवती पोरापोरींचा घोळका जमला होता. प्रत्येकाला आपल्या चेंबरला पडदे हवे होते.

निघायच्या वेळी मात्र तो गाडीपासून लांब उभा राहून हात पुसत होता. मी म्हटलं, "मिस्त्री, झालं की मनासारखं!"

"झालं की. लई ब्येस झालं." तो हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "पर गुरुजी, बरं झालेलं माणूस दवाखान्यात कावून यील?"

त्याची वर्षभराची सगळी धडपड डोळ्यांपुढून गेली आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात शीतल आम्हाला निरोप द्यायला फाटकापर्यंत आली. म्हणाली, "आबा, इंजिन एकदम झकास. पण तिसरा गियर जरा अडकतोय. पुढच्या शनिवारी घेऊन येऊ का?"

अश्रुबाने मान वर केली. सकाळी तिसरा गियर त्याने स्वतः टाकला होता, मी शेजारीच होतो. लोण्यात बोट घालावं तसा तो पडला होता. मी मास्तर माणूस. कुणी खोटं बोललं की कान धरायची सवय. पण त्या घडीला माझेच डोळे भरून आले आणि मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकलो.

"अडकतोय?" अश्रुबा कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "मग शुक्रवारीच ये की, बाय. गियरचं काम एका दिवसात हुतंय व्हय?"