एकट्याचा अर्धा वाटा

साधना मॅडमनी शिट्टी वाजवली आणि नाल्याच्या काठावर जमलेल्या स्वयंसेवकांना दोन गट करायला सांगितलं. जमलेला स्वयंसेवक एकच होता, मनसाराम. त्यानं मान हलवली, थोडा उजवीकडे सरकला आणि दुसरा गट होऊन उभा राहिला. पहिल्या गटात मॅडम स्वतः गेल्या.

मॅडमचं काही चुकत नव्हतं. गावातल्या लोकांनी आपल्या नाल्यातले मासे, किडे, शेवाळ ओळखायला शिकावं म्हणून त्यांची संस्था हे काम करत होती, आणि प्रशिक्षणात त्यांना आधी गट पाडायला शिकवलं होतं. दर रविवारी त्या नागभीडहून स्कूटीवर यायच्या. सोबत हातजाळी, काचेची पेटी आणि पाण्यात बुडवली की रंग बदलणाऱ्या पट्ट्या. मासा धरायचा, पेटीत टाकायचा, चहूबाजूंनी बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. पण गावात उपक्रम म्हटला की भाषण आणि फोटो, हे लोकांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यामुळे नेमकं काय चालतं ते बघायलाही कोणी फिरकलं नव्हतं.

मनसारामला भाषणही चाललं असतं. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढून तो निवृत्त झाला, आता घरी बसून बायकोशी निवांत बोलू असं त्यानं ठरवलं, आणि त्याच वर्षी नीलाबाई गेली. पोरगा मिथुन माजरीला खाणीत नोकरीला. त्याचा फोन यायचा, ‘बाबा, जेवले का?’ विचारायचा, आणि बापानं उत्तर जुळवेपर्यंत त्याची ड्युटीची वेळ व्हायची. मनसाराम सकाळी भात टाकायचा, तोच संध्याकाळी खायचा. मासे तर त्यानं नीलाबाईमागं घरात आणलेच नव्हते. एकट्यासाठी कोण मसाला वाटतो?

रविवारी मात्र मॅडम त्याला विचारायच्या, ‘काका, या दगडाखाली काय असेल?’ कोणीतरी आपल्याला काही विचारतंय आणि उत्तरासाठी थांबलंय, याची त्याला सवय राहिली नव्हती. आठवडाभर तो त्या दगडाखाली काय असेल याचाच विचार करायचा.

त्या दिवशी पेटी पुसताना मॅडम जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “काका, पुढच्या रविवारी निदान चार-पाच जण तरी यायला पाहिजेत. नाहीतर संस्था हा नाला सोडून दुसरं गाव घेणार आहे.”

“मी तं येतोच ना बाई.”

“हो. पण एकट्याचा गट नाही होत, काका.”

मनसाराम घरी आला तो हे वाक्य घेऊनच. दुसऱ्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि दारोदार निघाला. रविवारी नाल्यावर मासे धरणार आहेत, शहरातून बाई जाळी घेऊन येऊन राह्यली, एवढंच त्यानं सांगितलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या गावात एक रीत होती. तलाव असो, बोडी असो की नाला, मिळून मासे धरले की काठावरच घराघराचे वाटे पडायचे. त्यामुळे दारात येऊन कोणी ‘रविवारी मासे धरणार’ म्हटलं की पुढचं ऐकायला माणूस थांबत नसे, भांडं शोधायला आत जाई. मनसारामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच गावात तो वाढला होता. पण आपण कोणाला भांडं आणा असं काही म्हटलेलं नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

रविवारी मॅडमची स्कूटी नाल्यावर आली तेव्हा काठावर जत्रा भरली होती. कोणाच्या हातात रश्श्याचा गंज, कोणाच्या डेकची, कोणाच्या बकेट. नवाबभाऊ पंक्चरचं दुकान बंद ठेवून शिट्टीसकट कुकर घेऊन आले होते. मनसारामच्या शेजारच्या गोकुळाबाईनं तर पाहुणचाराला जावई बोलावला होता, चिंच भिजत घातली होती आणि मसालाही वाटून ठेवला होता. एवढे स्वयंसेवक बघून मॅडमचे डोळे भरून आले. प्रत्येकानं पाण्यासाठी घरून भांडं आणलंय, या जाणिवेनं तर त्या फारच भारावल्या. त्यांनी शिट्टी वाजवून चार गट पाडले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरोखर पडले.

जाळी फिरली. मासे निघाले, पण सगळे बोटाएवढे. एखादं मरळीचं पिल्लू, वागूराची दोन-चार कार्टी, झिंगे आणि शेपटीजवळ काळा ठिपका असलेल्या बारक्या मासोळ्या. पेटी भरली, तसा मॅडमनी घसा साफ करून माहिती सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात सुकलूभाऊ पुढे आले. गावात वाटे पुकारायचा मान त्यांचा. त्यांनी धोतर खोचलं आणि सगळ्यांना आपापली भांडी ओळीनं मांडायला सांगितलं.

“हे काय चाललंय?” मॅडमनी मनसारामला विचारलं.

“वाटे पाडून राह्यले, बाई.”

“वाटे? काका, मासे सोडायचे आहेत. तुम्ही लोकांना काय सांगितलं होतं?”

“धरणार म्हणून सांगतलं,” मनसाराम नाल्याकडे बघत म्हणाला. “सोडणार हे सांगाचं राहून गेलं.”

मॅडमनी मग सगळ्यांना हात जोडून सोडण्याचं सांगून पाहिलं. लोकांनी ते अदबीनं ऐकलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. शेवटी मॅडम एवढंच मान्य करून घेऊ शकल्या की वाटे कोरड्यात पडायचे नाहीत. प्रत्येक भांड्यात नाल्याचं पाणी हवं.

वाटणी न्यायाची म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जातीचा मासा मिळाला पाहिजे. म्हणून आधी जाती वेगळ्या कराव्या लागल्या. ठिपकेवालीवरून दोन घरांची जुंपली, कारण दोघांकडे तिचं नाव वेगळं होतं. वागूराच्या मिशा मोजल्या गेल्या. कोणता झिंगा मोठा यावर भाऊबंद एकमेकांना पाहून घेण्याची भाषा करू लागले. मॅडमनी आधी डोक्याला हात लावला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला इतके रविवार जे शिकवायचं होतं ते इथं आपोआप चाललंय, आणि त्या हळूच त्या वादात शिरल्या.

वाटे पडले. सुकलूभाऊ नाल्याकडे तोंड आणि भांड्यांकडे पाठ करून उभे राहिले. मागून कोणी तरी एका भांड्यावर हात ठेवून ‘हा कोणाचा?’ विचारायचं आणि सुकलूभाऊंनी न बघता घराचं नाव घ्यायचं. सगळी घरं झाली. शेवटी पेटीत दोन मासोळ्या आणि एक झिंगा उरला.

“हा मनसारामचा,” सुकलूभाऊ म्हणाले. “एकल्याचा अर्धा वाटा.”

मनसारामनं भांडं आणलं नव्हतं. तो काचेच्या पेटीतल्या त्या झिंग्याकडे बघत राहिला. खरं तर त्याला मासे नकोच होते. पण अर्धा हा शब्द त्याला लागला.

“मागच्या बारीले माह्या पूरा वाटा होता,” तो म्हणाला.

“तेव्हा नीलाबाई होती ना गा. रीत हाय ते. घरात एकला असन तं अर्धा.”

“घर तं तेवढंच हाय. दार तेवढंच, चूल तेवढीच. मले अर्ध्या घरात राहाले नाई सांगतलं कोणी.” त्यानं पेटी मागं सरकवली. “नाई घेत मी हा वाटा.”

भांडी उचलायला वाकलेले हात तिथंच थांबले. कारण रिवाजाचं दुसरं कलम त्याहून कडक होतं. एकानं वाटा नाकारला की सगळी वाटणी मोडली, आणि त्याची समजूत पटेपर्यंत कोणालाच आपला उचलता येत नसे. सुकलूभाऊंनी त्याला समजावलं, नवाबभाऊंनी समजावलं. कोणी आपली एक मासोळी द्यायला तयार झालं, पण त्याच्या बायकोनं डोळे वटारले. त्या गडबडीत कोण कोणावर डोळे वटारत होतं हे सांगणं कठीण होतं. ऊन चढलं. भांड्यांतलं पाणी कोमट होऊ लागलं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले आणि मॅडम रडकुंडीला आल्या.

इतका वेळ गोकुळाबाई आपल्या गंजात वाकून बघत होती. घरून निघताना तिला हे मासे मनात बरेच मोठे दिसले होते.

“हे मासे मी जावयापुढं ठेवले तं तो संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन,” ती म्हणाली, आणि तिनं गंज नाल्यात उपडा केला. “वाढू द्या त्याईले. पुढच्या रविवारी पाहू.”

गोकुळाबाईनं फेकलेला वाटा आपण घरी न्यायचा, हे बाकीच्या बायकांना कसं पटावं? डेकची उपडी झाली, बकेट झाली, शेवटी नवाबभाऊंचा कुकरही झाला. मनसारामचा अर्धा वाटा मॅडमनी स्वतः सोडला. पुढच्या रविवारी सगळे येणार म्हटल्यावर नाला वाचला होता. मॅडम हसत हसत स्कूटीवर बसल्या. मनसाराम मात्र हसला नाही. गट झाला होता, पण त्याला त्या गटात अर्धाच धरलं होतं, आणि तेही सगळ्या गावासमोर.

संध्याकाळी गोकुळाबाईनं माशांच्या मसाल्यात वांगी टाकून केलेला रस्सा त्याला वाटीभर पाठवला. चव माशांची होती आणि मासे नव्हते. नीलाबाईच्या मागं घरही तसंच झालं होतं. जेवून उठल्यावर त्यानं फळीवरचा तिचा गंज खाली काढला. फक्त माशांसाठी ठेवलेला, जुना, घरभर पाहुणे जेवतील एवढा. तो त्यानं राखेनं घासला, मग पुन्हा घासला.

पुढच्या रविवारी सगळी घरं भांड्यांसह हजर होती. मासे अर्थातच आठवड्यात वाढले नव्हते. तरी ते धरले गेले, जाती वेगळ्या झाल्या, ठिपकेवालीवरून पुन्हा भांडण झालं. मॅडमनी या वेळी वाटे पाडायला आपणहून शिट्टी वाजवली. सुकलूभाऊ पाठ करायला वळले, पण वळता वळता त्यांची नजर ओळीच्या टोकाला ठेवलेल्या त्या मोठ्या गंजावर पडली. तो त्यांनी ओळखला. त्यातला रस्सा त्यांनी कैकदा खाल्ला होता.

मागून विचारणा झाली, “हा कोणाचा?”

सुकलूभाऊंनी नाल्याकडे तोंड ठेवूनच नाव घेतलं.

“मनसारामच्या घरचा,” ते म्हणाले. “पूरा.”

मनसारामनं गंजात वाकून बघितलं. मरळीचं एक पिल्लू, ठिपकेवाल्या चार मासोळ्या आणि झिंगे. त्यानं ते सगळ्यांसोबत नाल्यात सोडले आणि रिकामा गंज दोन्ही हातांनी धरून घरी आणला. गंजाला माशांचा वास येत होता. त्या दिवशी त्यानं तो घासला नाही.