हेर आला की हेर आले

हालालोतो गावात इंग्रजी सिनेमा डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहिला जाई. पडद्याच्या डाव्या अंगाला उंच स्टुलावर विसेसिओ माइक घेऊन बसे आणि पडद्यावरची मंडळी काय करताहेत, काय म्हणताहेत, ते टोंगन भाषेत सांगे. पंधरा वर्षांत त्याने शेकडो खून, दोन महायुद्धे आणि असंख्य लग्ने एकट्याच्या घशातून पार पाडली होती. पडद्यावर चुंबन आले की "दोघे हवामानाविषयी बोलत आहेत" असे तो जाहीर करी, कारण भावाबहिणींनी एकत्र पाहू नये अशा गोष्टींत चुंबन फार वरचे. सभागृह त्याच्या आत्याचे, लूसेआनेबाईंचे. टोंगात आत्याचा शब्द बापाच्या शब्दाहून वर असतो, त्यामुळे विसेसिओच्या रजेचा विषय पंधरा वर्षांत निघाला नव्हता.

शनिवारी दुपारी हेरांचा सिनेमा असला की गाव चटया काखोटीला मारून लोटे. आठवडाभर शेतात, चर्चमध्ये आणि नातेवाइकांत माणसाला सरळ वागावे लागते. शनिवारी दोन तास कोणीतरी आपल्याला सफाईने फसवावे, मित्र शत्रू निघावा, शत्रू मेहुणा निघावा, आणि उठताना "मला आधीच कळलं होतं" असे ज्याने त्याने शेजाऱ्याला सांगावे, एवढीच गावाची मागणी होती. विसेसिओ ती पुरवत असे, आणि त्याच्यापाशी दुसरे काही नसल्याने त्याला त्याचा अभिमान होता.

अडचण भाषेची होती. सामान्य माणूस जेवला तर 'काई', उमराव जेवले तर 'इलो' आणि महाराज जेवले तर 'तौमाफा'. पोटात तिघांच्याही तारोचा कंदच जातो, पण शब्द चुकलेला चालत नाही. त्या शनिवारच्या सिनेमात गुप्तचर खात्याचे प्रमुख होते. पांढरे केस, भले मोठे टेबल, मागे पुस्तकांचे कपाट. अशा माणसाला कोण अरे-तुरे करील? पावणेदोन तास विसेसिओ सांगत राहिला की त्यांचे आगमन झाले, त्यांनी चहा ग्रहण केला, ते चिंतामग्न झाले. शेवटच्या दहा मिनिटांत ते शत्रूला फितूर निघाले, आणि ज्याच्याबद्दल 'पडला, ओकला, झोपला' याहून जास्त बोलणे झाले नव्हते तो दारुडा माळी सरदाराचा वारस निघाला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या चटईवर बसलेल्या मातापुलेंनी मात्र हात मांडीवरून उचलले नाहीत.

मातापुले म्हणजे गावच्या उमरावांच्या वतीने बोलणारे गृहस्थ. सोमवारी त्यांनी विभागाधिकारी तालियाई यांच्याकडे अर्ज दिला. एका देशद्रोह्यावर उमरावांचे एकशे बारा शब्द खर्ची पडले असून ते परत मिळण्याची व्यवस्था व्हावी, असे त्यात म्हटले होते. विसेसिओला बोलावणे आले. थोरांपुढे जाण्याच्या रिवाजाप्रमाणे तो कमरेला चांगली चटई गुंडाळून हजर झाला.

"विसेसिओ, तू वाईट माणूस नाहीस," तालियाई मायेने म्हणाले. "पण तुला माणसं ओळखता येत नाहीत."

"साहेब, मला ओळखता आली तर सिनेमाच संपला."

"मग आधी ओळखून घे, आणि ज्याची जी लायकी, ती पहिल्यापासून दे."

तसा हुकूम निघाला. पुढचा सिनेमा विसेसिओने आदल्या दिवशी एकट्याने पाहिला. शनिवारी पहिल्याच मिनिटाला मंत्री मोटारीतून उतरले आणि विसेसिओने सांगितले, "मंत्री उतरला." मागच्या चटईवरून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "हाच तो." पाठोपाठ मंत्र्याच्या स्वयंपाकघरात "बाईसाहेबांनी बटाटे सोलण्याची कृपा केली", तेव्हा खरी हेर कोण हेही सर्वांना समजले. मध्यंतरात गाव चटया गुंडाळून घरी गेले. लूसेआनेबाईंनी विसेसिओच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यांत त्या स्वतःही येत होत्या, पण तेवढे भान त्यांना राहिले नाही.

दुसरा हुकूम अधिक विचारपूर्वक काढलेला होता. गुन्हा सिद्ध होईपर्यंत सर्व पात्रांना तात्पुरती उमरावकी देण्यात यावी. 'सर्व' या शब्दात कुत्रा येतो की नाही, अशी लेखी विचारणा विसेसिओने केली. कुत्र्याच्या पट्ट्यात बिनतारी यंत्र निघण्याचा संभव असल्याने तो येतो, असे उत्तर आले. त्या शनिवारी श्वानमहाराज खांबापाशी थांबले आणि त्यांनी आपला डावा पाय उचलण्याचे मनावर घेतले. मातापुले उठून गेले.

म्हणून तिसरा हुकूम उलटा निघाला. निर्दोष ठरेपर्यंत सर्वांना अरे-तुरे. नेमकी त्या सिनेमात कुठल्याशा देशाची महाराणी पदके वाटायला आली. "राणी आली आणि हेराच्या छातीला बिल्ला टोचून गेली," असे विसेसिओ बोलला मात्र, सभागृहातल्या सगळ्या माना खाली गेल्या आणि सिनेमा संपेपर्यंत वर आल्या नाहीत.

"आमच्या खात्यात ही अडचण कधीच आली नाही," तालियाई चौथ्या वेळी म्हणाले.

"मग तुम्ही कसं करता, साहेब?"

"आम्ही कर्ताच ठेवत नाही."

पुढच्या शनिवारी कर्ता नसलेला सिनेमा झाला. दार उघडण्यात आले. गोळी झाडण्यात आली. मरण्यात आले. त्यानंतर बराच वेळ रडण्यात आले.

"गोळी कोणी झाडली?" मागच्या चटईवरून म्हातारीने विचारले.

"चौकशी चालू आहे," विसेसिओ म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच्या पुढच्या शनिवारी कोणी आले नाही. गावाच्या निरुत्साहामुळे खेळ थांबवण्यात येऊन प्रोजेक्टर आणि माइक खात्याच्या सुरक्षित ताब्यात घेण्यात आले. विसेसिओ रताळ्यांची खुरपणी करू लागला. आपण बोललेले कोणी ऐकत नाही, या दुःखाची त्याला सवय नव्हती. सहा आठवड्यांनी तो पुन्हा कमरेला चटई बांधून कचेरीत गेला.

"यंत्र हलवण्यात आले आहे," तालियाई म्हणाले.

"कुठे?"

"योग्य जागी."

"कोणी हलवलं, साहेब?"

तालियाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "इतक्यात व्याकरण विसरलास?"

प्रोजेक्टर कचेरीतून नाहीसा झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. कावा नावाचे पेय पिण्याच्या बैठकीत त्यावर शांत विचार झाला. प्रोजेक्टर हवा कोणाला होता? विसेसिओला. चालवता कोणाला येत होता? विसेसिओला. आज कचेरीभोवती कोण घोटाळत होते? गेल्या कित्येक शनिवारांत न मिळालेले सुख गावाला मिळाले आणि ज्याने त्याने शेजाऱ्याला सांगितले, "मला आधीच कळलं होतं." लूसेआनेबाईंनी भाच्याशी बोलणे टाकले. टोंगात आत्याने बोलणे टाकले की माणसाचे गावात काही राहत नाही.

शनिवारी दुपारी तो रताळ्यांचे पोते घेऊन तालियाईंच्या घरावरून जात होता. खिडक्या बंद होत्या आणि आतून बंदुकीचे तीन बार, एक किंकाळी आणि मोटारीचा आवाज आला. हा क्रम त्याला पाठ होता. त्याने दार ढकलले. प्रोजेक्टरवर लूसेआनेबाईंचे नाव लाल रंगात तसेच होते. तालियाईंचे कुटुंब पाय पसरून बसले होते आणि पाहुण्यांच्या जागी मातापुले होते.

"बरं झालं आलास," तालियाई जरासुद्धा न गडबडता म्हणाले. "कोण काय म्हणतंय, काही कळत नाही बघ. तो माइक घे आणि बस."

माइकचा कर्णा अंगणाकडे तोंड करून होता. विसेसिओने माइक हातात घेतला. आता एका वाक्यात त्याचे नाव धुऊन निघणार होते आणि ते सारा रस्ता ऐकणार होता.

"गावकऱ्यांनो," तो म्हणाला, "साहेबांनी..."

आणि तो अडला. साहेबांसाठी असलेल्या शब्दांत त्याला चोरी सापडेना. चोरीसाठी असलेल्या शब्दांत साहेब बसेनात.

"साहेबांनी," तो शेवटी म्हणाला, "आमच्या प्रोजेक्टरला आपल्या घरी आश्रय देण्याची कृपा केली आहे."

रस्त्यावर माणसे थांबली. विसेसिओने चोरलेला प्रोजेक्टर साहेबांनी शोधून काढला आणि वर स्वतःच्या घरात जपला, हे ऐकून गावाला भरून आले. तालियाईंना गावातर्फे एक डुक्कर भेट देण्यात आले. विसेसिओने सर्वांसमक्ष माफी मागितली, तर आपण पुन्हा बोलू, असे लूसेआनेबाईंनी कळवले. त्याने मागितली.

वाचकांनी विसेसिओवर हसू नये. या गोष्टीत पहिल्यापासून तो 'तो' आहे आणि तालियाई 'ते' आहेत. प्रोजेक्टर कोणाच्या घरात निघाला हे कळल्यावरही मी त्यात बदल केला नाही आणि तो तुम्ही मागितलाही नाही. उद्या ही गोष्ट कोणाला सांगाल, तेव्हा शेवटी तालियाई चोर निघाले, असेच म्हणाल.