चार नंबरच्या खांबाचा काटा

सोसायटीच्या चार नंबरच्या खांबाला तडा गेला आणि चारुदत्तरावांची झोप उडाली. जन्मभर कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळलेला माणूस! त्यांनी पार्किंगमध्ये त्या खांबावरच एक सर्किट बसवलं. ताण मोजणारी एक पातळ पट्टी तड्यावर, दुसरी धड भागावर. दोन्हींतला केसाएवढा फरकसुद्धा दोन ट्रान्झिस्टर पकडणार आणि पेटीतल्या मीटरचा काटा हलणार. ते दोन्ही ट्रान्झिस्टर त्यांनी पेटीच्या दोन टोकांना ऐसपैस बसवले. झाकण लावायचं राहूनच गेलं.

"काटा शून्यावर आहे तोवर खुशाल झोपा," त्यांनी अख्ख्या पनवेलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

सकाळी भाजीला निघताना त्यांनी सहज वाकून पाहिलं. पाहता पाहता काटा एक घर सरकला. चष्मा लावून जवळ गेले, दोन घरं. नाक टेकवलं, तीन!

"रमा, आहेस तशी खाली ये!"

"अहो, कुकर लावलाय!"

"खड्ड्यात गेला कुकर! बिल्डिंग पडतेय!"

रमाबाई धावत आल्या, मागून सेक्रेटरी कमळाकर, त्यांच्यामागे तिन्ही मजले. सगळे पेटीवर ओणवले. काटा पार टोकाला जाऊन थडकला.

"पळा!" कमळाकर ओरडले. कुणी देव्हारा उचलला, कुणी नुसताच टीव्हीचा रिमोट. दोन मिनिटांत सगळी सोसायटी रस्त्यावर.

वॉचमन बळीराम तेवढा खांबाशेजारच्या खुर्चीवरून उठला नाही.

"साहेब, काटा आला परत जागेवर."

"काहीतरीच काय!" चारुदत्तराव फाटकातून ओरडले.

"तुमी जवळ आलात का सरकतो, लांब गेलात का गप. तुमच्या तोंडाची वाफ लागते त्या अलीकडच्या बारक्याला. खांबाला काय नाय झालेला."

चारुदत्तरावांना घाम फुटला. दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून बसवायचे, म्हणजे ऊब दोघांना सारखी लागते आणि काटा फसत नाही, हे त्यांनी तीस वर्षं शिकाऊ पोरांना ओरडून सांगितलं होतं. आणि स्वतःच्या घरी विसरले!

पण बळीराम चुकत असेल तर?

"अहो, काय ते सांगा!" कमळाकर रस्त्यावरून ओरडले. "आई कधीची रिक्षात बसलीय!"

चारुदत्तराव आत गेले. नाक चिमटीत धरलं, ओठ घट्ट मिटले, वाकले. शून्य. डोळे बाहेर यायची वेळ आली, तरी शून्य. घर शाबूत होतं! त्यांना इतकं हायसं वाटलं, की मघापासून कोंडलेला श्वास त्यांनी तिथंच हुश्श करून सोडला.

त्यांच्यामागे चोरपावलांनी येऊन डोकावणारे कमळाकर किंचाळले, "हलला! हलला!"

सगळी सोसायटी एसटी स्टँडच्या दिशेनं पळत सुटली. आईची रिक्षा सगळ्यांच्या पुढे होती.