सुतकातले जपानी पेले

हिर्डोशीत सोनबाच्या घरी भात कांडायला बंदी होती. घरात उखळ होतं, मुसळ होतं, ठकुबाईच्या दंडांत जोरही होता. पण उखळामागच्या भिंतीवर सोनबाची फळी होती आणि मुसळाच्या दणक्याने फळीवरचे जपानी पेले हलायचे. म्हणून ठकुबाई भाताची पाटी डोक्यावर घेऊन शेजारच्या साळूबाईकडे कांडायला जाई आणि नवऱ्याबद्दल जे काही बोलायचं ते तिथेच बोलून येई.

सोनबाची सारी उमर मुंबईत गेली होती. एका जपानी कापूसवाल्याच्या बंगल्यावर तो चहा करायचा. साहेब मायदेशी जाऊन आला की नवा पेला घेऊन येई आणि जुन्यातला एखादा सोनबाला देई. साहेब कायमचा गेला तसा सोनबाही गावी परतला. बरोबर देवदारी पेटी होती. लोकांना वाटलं, पेटीत मुंबईची कमाई असणार. निघाले ते भाताच्या पेंढ्यात खुपसलेले बिनकानाचे पेले आणि एक चहाची किटली. त्यातला एकही पेला धड गोल नव्हता. एकावर तर रंगाचा ओघळ अर्ध्यातच थिजला होता. "बनवनाऱ्याला कुनी हाक मारली आसंल," असं साळूबाई म्हणाली.

पण सोनबाचा त्यांच्यावर जीव होता. पावसाळाभर ओल लागू नये म्हणून पेले धडुत्यात गुंडाळून पेटीत राहत आणि दसऱ्याला फळीवर येत. प्रत्येकाची जागा ठरलेली. दाराशी आलेल्या माणसाला पाणी मिळो न मिळो, पेल्यांची हकीकत मिळायचीच. "ही बाजारातली कपबशी न्हवं," सोनबा छाती पुढे काढून सांगे. "साच्यातलं काम न्हाई. निव्वळ माती! हातानं घडवल्याली, लाकडाच्या जाळात भाजल्याली. माती हाय म्हनून तर मोल हाय!"

हे सगळं मनापासून ऐकणारा माणूस गावात एकच होता, सोनबाचा चुलतभाऊ बाजी. त्याचे हात कापायचे. पितळीतून चहा पिताना निम्मा धोतरावर सांडायचा. फळीवरच्या काळ्या पेल्याला एका अंगाला खळी होती, तिच्यात बाजीचा अंगठा असा बसे की थेंब सांडत नसे. "सोनबा, त्या तुज्या जपान्याला म्या ठावं व्हतो काय रं?" तो विचारी. "ह्यो माज्याच हाताच्या मापाचा केलाय." रोज तिन्हीसांजेला दोघं ओसरीवर बसत, फारसं न बोलता चहा पीत आणि उठत.

फाल्गुनात बाजी गेला. सोनबा लहान पोरासारखा रडला. आणि त्याचे डोळे पुरते कोरडे व्हायच्या आत भावकीला सुतक लागलं.

सुतकाचा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. दहाव्याला घर सारवायचं, कपडे नदीवर न्यायचे, तांब्या-पितळेची भांडी राखेने घासून घ्यायची. मातीला मात्र ती सोय नाही. सुतकातलं मातीचं भांडं परसात नेऊन फोडायचं. या साऱ्यावर देखरेख भावकीतल्या सर्वांत थोरल्या सारजाबाईची. नात्याने ती सोनबाची चुलती. दात एकही राहिला नव्हता, पण तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. बाजीच्या ओसरीवर सगळे जमले असताना तिने भावकीतल्या एकेका सुनेला विचारायला सुरुवात केली.

"साळू, घरातलं मातीचं समदं भाईर निगंल न्हवं?"

"व्हय, आत्याबाई."

"चंद्रा, तुज्याकडचं?"

"व्हय, आत्याबाई."

"ठकू, तुज्या घरचं?"

ठकुबाईने 'व्हय' म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पलीकडून सोनबा म्हणाला, "काकी, पेलं सोडून."

ठकुबाईने कपाळाला हात लावला.

"का रं? ती मातीची न्हाईत?" सारजाबाईने विचारलं.

"न्हाईत," सोनबा म्हणाला. "काचंवानी हायेत."

"आन् दसऱ्याला काय सांगत व्हतास?" मागून कोंडिबा म्हणाला. तोही भावकीतलाच. "निव्वळ माती, निव्वळ माती! माजं कान किटलं की!"

लोकांनी माना हलवल्या. एरवी सोनबाचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारी माणसं, पण नेमकं हे सगळ्यांच्या ध्यानात राहिलं होतं. आता चारचौघांत प्रश्न निघालाच होता, तेव्हा सारजाबाईलाही माघार घेता येईना. "माती ती माती," ती म्हणाली. "भाईर निगंल."

घरी येताना ठकुबाई म्हणाली, "आवं, मला बोलू द्याचं व्हतं."

"तू काय बोलनार? ह्यातलं तुला काय कळतंय?" सोनबा खेकसला. ठकुबाईने तोंड मिटलं. तिने तोंड मिटलं की ते सहजासहजी उघडत नसे.

दुसऱ्या दिवशी सोनबा पेटी पाठीला बांधून वरच्या वाडीवर बिरू धनगराकडे गेला. बिरूला सुतक नव्हतं. पेटी महिनाभर ठेवून घे, एवढंच सोनबाचं मागणं होतं. बिरूने घोंगडी अंथरली, दूध दिलं, आणि पेटीत काय आहे ते ऐकून हात जोडले.

"बाबा, तुजं सुतक तुज्यापाशी. माजी मेंढरं व्यायला झाल्यात. हितं ही पेटी टेकवू बी नगंस."

सोनबा पेटी घेऊन डोंगर उतरला. चालताना आत पेले एकमेकांना घासत आणि प्रत्येक आवाजासरशी तो थांबून कानोसा घेई. उतारावरच त्याला दुसरी युक्ती सुचली. तो थेट गेनू कुंभाराच्या दारात गेला. हुबेहूब असेच पेले करून द्यायचे, ते सगळ्यांसमोर फोडायचे, आणि खरे पेटीत ठेवायचे.

गेनूने काळा पेला फिरवून फिरवून पाहिला. "आसं वाकडं?"

"आसंच वाकडं."

"सोनबादा, माज्या बापजाद्यांत कुनी वाकडं घडवलं न्हाई. लोक काय म्हनतील?"

"लोकांनी बगायच्या आत फुटनार हाय ते!"

गेनू नाइलाजाने चाकावर बसला. पण हाताला वळण पडलेलं. माती वर उचलली की पेला गोल होई. मग तो अंगठ्याने दाबून वाकडा करी, आणि बोट काढता काढता सवयीने पुन्हा सारखा करी. शेवटी जे उतरले ते इतके सुबक होते की हिर्डोशीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना जपानी म्हणालं नसतं. गेनूला मात्र ते फार आवडले.

सोनबा ते तिथेच सोडून आपली पेटी घेऊन घरी आला. फळीवर एकेक पेला परत मांडताना काळा पेला त्याच्या हातात राहिला. खळीत त्याने स्वतःचा अंगठा घालून पाहिला, तो बसला नाही. बाजीला जाऊन आठवडा झाला नव्हता, आणि आपण बाजीचं नाव टाकून पेल्यांची नावं घेत डोंगर चढउतार करतोय, याची त्याला मनापासून लाज वाटली. भावाच्या सुतकाला आपण फसवायला निघालो होतो. त्याने तिथेच ठरवलं, की बाजीचा पेला आपणच आपल्या हाताने फोडायचा, तो पहिला, मग बाकीचे. ठकुबाईला यातलं काही सांगायची त्याला गरज वाटली नाही.

दहाव्याला पुरुष नीरा नदीवर होते. मुंबईत हयात काढलेल्या सोनबाने आजवर सुतक पाळलं ते मुंबईतच. त्यामुळे पुरुष नदीवर असताना परसात बायका काय करतात, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. क्षौर उरकलं, पिंडाला कावळा शिवला, तसा तो सगळ्यांच्या आधी निघाला. गुळगुळीत डोक्याने, ओल्या धोतराने तो घरी आला, काळा पेला धोतराच्या सोग्यात घेतला आणि परसात गेला. बायकांची फोडाफोड चालली होती. सोनबाला पाहून हात थांबले.

"काकी, माजं चुकलं," तो म्हणाला. "बाजीपरीस ह्ये मोटं न्हाई."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने पेला दगडावर आपटला.

"आगं आई!" सारजाबाई ओरडली. "खराच फोडलास?"

"मग?"

"आरं येड्या, चांगलं भांडं कुनी फोडतं व्हय?"

सोनबाने खाली पाहिलं. खापरांच्या ढिगात बुडाला भोक पडलेली, काठ उडालेली, चुलीवर चढवायच्या लायकीची न राहिलेली गाडगी तेवढी होती. साळूबाईच्या हातात एक कानतुटकं मडकं होतं. तिने ते पदराआड घेतलं.

"रिवाज हाय, पाळायचा," सारजाबाई आवाज खाली आणून म्हणाली. "परतेकीच्या घरात गळकं गाडगं ठिवल्यालं आसतंय. म्या इचारायचं, त्यांनी व्हय म्हनायचं. तूच तेवढा चारचौघांत वाद घालाया बसलास!"

सोनबाने बायकोकडे वळून पाहिलं.

"आपलं गळकं गाडगं म्या पयल्याच दिशी काडून ठिवलं व्हतं," ठकुबाई म्हणाली. "मला कुनी इचारलं?"

तिला राग होता, पण डोळे भरून आले होते. सोनबा खाली बसला आणि काळे तुकडे गोळा करू लागला. कुणी हसलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सारजाबाई काठी टेकत सोनबाकडे आली. पदराखालून तिने एक काळवंडलेलं गाडगं काढलं. त्याच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक होतं.

"ह्ये ठिव," ती म्हणाली. "म्होरल्या येळेला ह्ये फोड. आता जायची पाळी माजीच हाय."

सोनबाने ते दोन्ही हातांनी घेतलं, पुसलं आणि फळीवर काळ्या पेल्याच्या रिकाम्या जागी ठेवलं. मग सारजाबाईला चहा दिला. तिने वाकडा पेला चारी बाजूंनी पाहिला, आणि चहा बरा असल्याचं सांगितलं. तेव्हापासून ती अधूनमधून येऊ लागली. दाराशी आलेल्या माणसाला सोनबा आता पेल्यांबरोबर गाडग्याचीही हकीकत सांगे. ते कुणाचं, किती जुनं, भोक कसं पडलं. हात मात्र कुणाला लावू देत नसे. पावसाळ्यात त्याने ते धडुत्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि दसऱ्याला पुन्हा फळीवर मांडलं.

ते पाहून ठकुबाईने साळूबाईकडून एक दुसरं गळकं गाडगं मागून आणलं आणि चुलीमागे ठेवून दिलं. सोनबाला तिने ते सांगितलं नाही.